समतेचे मेळावे, बडोदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात अधूनमधून भरणाऱ्या समतेच्या मेळाव्यांविषयी फोनवर, सोसायटीच्या जिन्यात, हळदीकुंकवाला आणि कार्यालयातल्या डब्याच्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. त्या प्रश्नांना दोन ओळींत उत्तर देणे बरोबर झाले नसते.

हे मेळावे नेमके कशासाठी आहेत?

जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. ती जातीवरून असो, कातडीच्या रंगावरून असो वा चेहरेपट्टीवरून असो, तिच्याविरुद्ध लोकांनी एकत्र बसावे, एकत्र गावे, एका पंगतीत जेवावे आणि उठताना एखादे ठोस काम अंगावर घेऊन उठावे, यासाठी हे मेळावे आहेत. यातली शेवटची अट आम्ही कधी सोडत नाही. सुरेख गाणी झाली, भाषण झाले, आभार मानले आणि मंडळी घरोघर गेली, असे कार्यक्रम या शहरात पुष्कळ होतात. पण ज्या विद्यार्थ्याला आडनाव ऐकून खोली नाकारली गेली, त्याला त्या संध्याकाळी खोली मिळालेली नसते. याच्या उलट, नुसत्या निवेदनांवर सह्या गोळा करणारी कामेही आम्ही पाहिली आहेत, आणि ती चार पानांपुढे सरकत नाहीत, कारण सह्या करणारे एकमेकांना ओळखत नसतात. गाणे आणि मागणी एकाच छपराखाली नांदली पाहिजेत, एवढेच आमचे म्हणणे आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याचाच विस्तार आहेत.

यासाठी बडोदेच का?

कारण या प्रश्नाची सर्वांत लख्ख आणि सर्वांत लाजिरवाणी अशी दोन्ही पाने याच शहरात लिहिली गेली आहेत.

महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला मुंबईत शिकताना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती बडोदे संस्थानाने दिली आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, मंजूर केले. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता.

तो करार पाळण्यासाठी डॉ. आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला आले. अर्थशास्त्राचा एवढा अभ्यास केलेला सव्वीस वर्षांचा हा अधिकारी शहरात पाऊल ठेवतो, तर त्याला राहायला जागा मिळत नाही. अखेरीस एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करण्यास बजावून गेली. ओळखीच्या दोघांकडे विचारणा केली, तेव्हा एकाने घरचे गडी काम सोडून जातील असे सांगितले आणि दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे म्हणत हात झटकले. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधला वेळ त्यांनी कामाटी बागेत, म्हणजेच सयाजी बागेत, झाडाखाली बसून काढला, आणि त्या वेळी मन किती सैरभैर झाले होते हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. अस्पृश्यता मिटवण्याचा संकल्प त्यांनी तिथे केला असे मानले जाते; म्हणून ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि २३ सप्टेंबर हा संकल्प दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी दूरदूरहून माणसे येतात.

राजाने शिष्यवृत्ती दिली. शहराने खोली दिली नाही. राज्यकर्ता भला असला म्हणजे गल्ली भली होतेच असे नाही, हे बडोद्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्या गावाने दाखवले असेल? आणि त्या काळी संस्थानच्या कचेऱ्यांत मराठी माणसांचा भरणा होता, हे आपण मराठी बडोदेकरांनी विसरता कामा नये. त्याच कचेऱ्यांपैकी एकीत चपराशी डॉ. आंबेडकरांच्या टेबलावर फायली लांबून टाकत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. म्हणूनच आमच्या मेळाव्यांचे पहिले काम घरांचे आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

वंशभेद हा अमेरिकेचा प्रश्न आहे आणि आपला प्रश्न जातीचा आहे. दोन्ही एकत्र कशासाठी आणता?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये. जात आणि वंश एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. स्वतः डॉ. आंबेडकरांनी जातींची उत्पत्ती वंशांतून झाली, हा सिद्धान्त साफ नाकारला होता. पंजाबातला आणि मद्रासेतला ब्राह्मण वंशाने एक आणि पंजाबातला ब्राह्मण व तिथलाच अस्पृश्य वंशाने वेगळे, असे मानायला आधार नाही, अशी त्यांची मांडणी १९३६ पासूनची आहे. डर्बन येथे २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी परिषद भरली तेव्हा जात हा विषय तिथे यावा की नाही, यावर मोठा वाद झाला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला. तो वाद अभ्यासकांचा म्हणून चालू राहील.

परंतु ज्यांनी सोसले त्यांनी एकमेकांना फार पूर्वीच ओळखले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. अमेरिकेचे यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसून एक माणूस त्या घटनेकडे आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या सुटकेची खूण म्हणून पाहत होता. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली, आणि ड्यू बॉइस यांनी आपल्याला अस्पृश्यांच्या लढ्याविषयी पूर्ण सहानुभूती आहे असे उत्तर पाठवले. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव घेतले ते अमेरिकेतल्या ओकलंड शहरात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे. त्या पक्षाची बंदूक सर्वांना आठवते. १९६९ पासून तो शाळकरी मुलांना सकाळी मोफत नाश्ता देत असे, हे कमी लोकांना माहीत असते. आम्हाला त्यातला नाश्ता जास्त शिकवून जातो.

आणि वंशभेद आपल्याकडे नाही, हे तर मुळीच खरे नाही. बडोद्यात आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी आहेत. त्यांना रिक्षात, बाजारात, लिफ्टमध्ये कोणत्या नजरांना आणि कोणत्या शब्दांना तोंड द्यावे लागते, हे त्यांना एकदा विचारून पाहावे. ईशान्येकडच्या मुलामुलींना त्यांच्याच देशात परके ठरवणारे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी सर्रास असतात. 'मुलगी गोरी हवी' हे वाक्य लिहिताना आपला हात अडखळत नाही. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही पाचही कारणे एकाच ओळीत लिहिलेली आहेत. ती ओळ आम्ही तोडत नाही.

गाणी, नाच, नाटुकली कशासाठी? विषय एवढा गंभीर आहे, तर सरळ सभा का घेत नाही?

सभेला तेच येतात ज्यांना विषय आधीच पटलेला असतो. शिवाय हा मार्ग आमचा शोध नाही. आपल्याच भाषेत तो दीडशे वर्षांपूर्वीपासून मळलेला आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली आणि पुढे त्यातून सत्यशोधकी जलसा उभा राहिला. तमाशाचा बाज तोच, ढोलकी तीच, सवालजवाबाची चुरस तीच. फक्त बतावणीत आता अडाणी शेतकऱ्याकडून कागदावर अंगठा घेणारा सावकार येई आणि मुलाला शाळेत घालण्यावरून नवराबायकोचे भांडण रंगे. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांना युक्तिवाद पाठ झाला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक या शाहिरांची नावे तर वेगळी सांगायला नकोत.

जगातही असेच घडलेले दिसते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला आणि पाठोपाठ बसवरचा बहिष्कार सुरू झाला. तो ३८१ दिवस टिकला. घरकाम करणाऱ्या बायका रोज मैलोगणती चालत होत्या. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते ठरलेल्या थांब्यांवरून लोकांची ने-आण करत होते. एवढा काळ माणसे टिकली कशी? चर्चमधल्या जाहीर मेळाव्यांत ती सतत भेटत होती, एकत्र गात होती, प्रार्थना करत होती, आणि त्याच बाकांवर बसून पेट्रोलसाठी वर्गणी जमा होत होती व उद्याची गाडी कुठे उभी राहील हे ठरत होते. गाण्याने थकवा उतरवला आणि वर्गणीने गाडी चालवली.

दुसरे उदाहरण लंडनचे. १९५८ मध्ये तिथल्या नॉटिंग हिल भागात कॅरिबियन लोकांवर हल्ले झाले. क्लॉडिया जोन्स या पत्रकार बाईंनी त्यावर ३० जानेवारी १९५९ रोजी, ऐन थंडीत, सेंट पँक्रसच्या सभागृहात कॅरिबियन कार्निव्हल भरवला, ज्यात पोलादी पिंपांचे वादन होते, नाच होता, वेषभूषा होती. त्या कार्यक्रमाच्या पत्रिकेच्या विक्रीतून आलेल्या पैशाचा काही भाग दंगलीच्या खटल्यांत अडकलेल्या तरुणांचे दंड भरण्यासाठी ठेवला होता. पत्रिकेवर ते छापलेले होते. आमच्या दृष्टीने कार्यक्रम कसा असावा याचा हा नमुना आहे: आनंद मनापासूनचा, आणि जमलेल्या पैशाचा हिशोब आधीच सांगितलेला.

एका मेळाव्यात काय काय होते?

साधारण साडेपाचला लोक जमू लागतात. पहिला अर्धा तास ओळखींचा असतो, आणि त्यात नाव व काम सांगायचे, आडनाव सांगण्याची सक्ती नाही. मग एखादा जलसा, पोवाडा, भीमगीते, कधी आदिवासी गाणी, कधी विद्यार्थ्यांचे नाटुकले. मध्ये एकजण आपला अनुभव सांगतो, आणि त्यावर चर्चा होत नाही, सल्ले दिले जात नाहीत. फक्त ऐकले जाते. त्यानंतर जेवण.

जेवणाला आम्ही मधली सुट्टी मानत नाही. तो कार्यक्रमाचा भाग आहे. बहुधा शेव उसळ असते, कारण ती बडोद्यात सर्वांना आवडते आणि मोठ्या पातेल्यात होते. कांदा चिरण्यापासून पाव वाटण्यापर्यंतची कामे चिठ्ठ्या टाकून ठरतात, त्यामुळे निवृत्त प्राध्यापकांच्या वाट्याला पातेले घासणे येते आणि ज्या बाई एरवी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासतात त्या यजमान म्हणून आग्रह करकरून वाढतात. तर्री आणखी हवी का, असे त्या विचारतात तेव्हा पुढचा माणूस मान वर करून 'थोडी द्या, ताई' म्हणतो. ही देवघेव भाषणात सांगून साधत नाही. आपल्याकडे शिवाशिवीचे राज्य चालले ते पाणी, ताट आणि उंबरा या तीन ठिकाणी, आणि महाडला २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला तोही तळ्याच्या पाण्यासाठीच.

जेवणानंतरची पाऊण तासाची बैठक कामाची असते. मागच्या वेळी कोणी काय अंगावर घेतले होते, ते झाले का, अडले असेल तर कुठे, आणि आता पुढे कोण काय करणार, हे फळ्यावर लिहिले जाते.

तुमच्या कार्यक्रमात सिद्दी कलाकार येतात. ते नुसते प्रदर्शन होत नाही का?

होऊ शकते, आणि बऱ्याच ठिकाणी होतेच. म्हणून याचे उत्तर जरा विस्ताराने देत आहोत.

सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे भारतीय आहेत. हिंदी महासागरावरून अनेक शतके त्यांचे पूर्वज इकडे आले, कोणी गुलाम म्हणून आणले गेले, कोणी शिपाई, खलाशी, व्यापारी म्हणून आले. मराठी वाचकाला जंजिऱ्याचा सिद्दी बखरींतून शत्रू म्हणून ठाऊक असतो, आणि मलिक अंबर, जो गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, तो इतिहासाच्या पुस्तकातल्या एका धड्यापुरता. अहमदाबादची सिदी सय्यद मशीद, जिच्या दगडी जाळीतले झाड सर्व गुजरातची ओळख झाले आहे, ती एका सिद्दी सरदाराने बांधवली. पण भरूच जिल्ह्यात झगडिया तालुक्यातले रतनपूर, जिथे बावा गोर यांचा दर्गा आहे आणि सिद्दी वस्ती आहे, ते बडोद्याहून दिवसभरात जाऊन येण्यासारखे असूनही आपल्यापैकी किती जण तिथे गेले आहेत?

सिद्दींचा धमाल हा नाच, म्हणजेच गोमा, पाहताना अंगावर रोमांच उभे राहतात यात शंका नाही. पायांवर उभा असलेला उंच मुगरमान ढोल, भोपळा बांधलेल्या धनुष्यासारखा मलुंगा, ताल चढत जाणे आणि मग नारळ हवेत उडवून डोक्यावर फोडणे. परंतु हा नाच मुळात दर्ग्यातल्या उपासनेचा आहे. मोरपिसे लावून स्वागताला उभे केलेले सिद्दी पाहून टाळ्या वाजवणारे पाहुणे त्यांना नंतर चहा विचारत नाहीत, हे आम्ही पाहिलेले आहे आणि ते आम्हाला सहन होत नाही.

म्हणून आमच्याकडे काही नियम पक्के आहेत. काय सादर करायचे हे कलाकार ठरवतात. मानधन आधी दिले जाते. ते आधी बोलतात, मग वाजवतात, आणि बोलायचे काय हेही त्यांचेच. त्या बोलण्यातूनच येथे जमलेल्या अनेकांना प्रथम कळले की गुजरातमध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दींचे नाव आहे ते अमरेली, भावनगर, जामनगर, जुनागढ, राजकोट आणि सुरेंद्रनगर या जिल्ह्यांपुरतेच. भरूचचा त्यात समावेश नाही. गीरमधल्या जांबूरच्या सिद्दी मुलाला जो दाखला मिळतो, तो रतनपूरच्या त्याच्या भाच्याला मिळत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना हा दर्जा २००३ मध्ये मिळाला, म्हणजे मागणी लावून धरली तर यादी बदलते. जांबूरच्या हिराबाई लोबी यांना सिद्दी स्त्रियांच्या बचतीचे आणि मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केल्याबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ढोल ऐकून झाल्यावर हे सगळे ऐकले आणि त्यावर अर्ज लिहायला बसले, तर त्या सादरीकरणाला अर्थ आहे.

'सामूहिक कृती' म्हणजे मोर्चे आणि घोषणा का?

क्वचित मोर्चाही असतो. पण बहुतेक कामे रोजची, चिकाटीची आणि बरीचशी कंटाळवाणी असतात. सर्वांत मोठे काम भाड्याच्या घरांचे.

प्रकार नेहमीचा आहे. विद्यार्थिनी फोन करते, दलाल म्हणतो खोली रिकामी आहे, भाडे सांगतो, केव्हाही या म्हणतो. मग आडनाव विचारतो. पाच मिनिटांनी त्याचाच फोन येतो की मालकाच्या भावाचे कुटुंब गावाहून राहायला येणार आहे. हे ऐकून मुलगी गप्प बसते, कारण हातात पुरावा काहीच नसतो. अशा वेळी आमच्यातला दुसरा कोणी, ज्याचे आडनाव 'चालणारे' आहे, तासाभराने त्याच खोलीसाठी फोन करतो. खोली पुन्हा रिकामी झालेली असते. दोन्ही फोनांची वेळ, बोललेले शब्द, नंबर हे सगळे त्याच वेळी वहीत लिहून ठेवले जाते. पहिले पाऊल नेहमी मालकाशी समोरासमोर बोलण्याचे असते, आणि सांगायला समाधान वाटते की वयस्कर, ओळखीची माणसे सोबत गेली की काही मालक खरोखर बदलतात. जिथे बदलत नाहीत तिथे कायदा आहे: नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून राहती जागा घेण्यास वा वापरण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे, आणि गंभीर प्रकारांना १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. राष्ट्रीय अत्याचारविरोधी हेल्पलाइन १४५६६ या क्रमांकावर आहे; अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे आणि त्यासाठी १५१०० वर फोन करता येतो.

आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे. खाजगी मालकाने वंशावरून जागा नाकारली तर त्यावर बोट ठेवता येईल असा सर्वसमावेशक भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही. भारताने १९६८ मध्ये वंशभेदाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केलेला असूनही ही पोकळी आहे. अशा मालकांपैकी काहींच्या मनात द्वेषापेक्षा कागदपत्रांची भीती असते, कारण परदेशी भाडेकरू आल्यापासून २४ तासांत त्याच्या वास्तव्याची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा 'फॉर्म सी') ऑनलाइन भरावा लागतो आणि तो कसा भरायचा हे त्यांना ठाऊक नसते. तो आम्ही शेजारी बसून भरून देतो. एक बहाणा कमी झाला की उरलेला भेद उघडा दिसतो आणि त्यावर बोलता येते.

आमच्या घरी असला भेदभाव कोणीच करत नाही. मग आम्ही कशाला यावे?

अवश्य यावे, आणि येताना एक गोष्ट पाहून यावी. आपल्या स्वयंपाकघरात कामाच्या ताईंचा कप कुठे ठेवलेला असतो? तो इतर कपांबरोबर मांडणीत असेल तर फार छान. पण दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या कितीतरी सुशिक्षित, सुसंस्कृत मराठी घरांत तो आजही ओट्याखाली किंवा खिडकीत पालथा घातलेला दिसतो, आणि 'आईंच्या वेळेपासूनचं आहे, मुद्दाम काही नाही' असे सांगितले जाते. मुद्दाम नसते हे खरेच आहे. पण तो कप रोज हातात घेणाऱ्या बाईला त्याचा अर्थ चांगला कळतो.

तुम्हाला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही. जातीने ज्यांना सोय मिळाली, त्यांनी लाजेने मान खाली घालून बसावे यात कोणाचाच फायदा नाही. त्यांनी ओळखी, वेळ, अक्षर, वकिली, रिकामी खोली यांपैकी जे हाताशी असेल ते कामाला लावावे. एवढी विनंती मात्र आहे की पहिल्या दोन-तीन मेळाव्यांत ऐकण्याचे काम जास्त करावे.

मुलांना आणले तर चालेल का?

जरूर आणावे. मुलांसाठी वेगळा कोपरा नसतो. ती पंगतीत वाढतात आणि ढोलकीजवळ बसतात. अनुभवकथनात कधी हिंसेचा उल्लेख येतो, तो येणार असेल तर आधी सांगितले जाते.

कार्यक्रम मराठीत असतो का?

मराठी, गुजराती आणि हिंदी मिसळून चालते, आणि परदेशी विद्यार्थी असले की शेजारी बसलेला कोणीतरी इंग्रजीत हळू आवाजात सांगत जातो. गाणी मात्र ज्या भाषेतली असतील त्याच भाषेत गायली जातात.

खर्च कोण करते? कोणत्या पक्षाचा हात आहे का?

कोणत्याही पक्षाचा नाही. निवडणुकीच्या उमेदवाराला व्यासपीठ दिले जात नाही. श्रोता म्हणून पंगतीत बसायला कोणाचीच अडचण नाही. खर्च डबा फिरवून होतो आणि हिशोब त्याच रात्री फळ्यावर मांडला जातो.

मेळावे कोणत्या दिवशी भरतात?

बरेचसे रविवारी भरतात, पण काही तारखा ठरलेल्या आहेत. सप्टेंबरमध्ये २३ आणि २४ हे दोन दिवस जोडून येतात, पहिला संकल्प दिन आणि दुसरा सत्यशोधक समाजाचा स्थापनादिन. मार्चमध्येही तसाच योग आहे: २० तारखेला महाडचा सत्याग्रह आणि २१ तारखेला आंतरराष्ट्रीय वंशभेद निर्मूलन दिन, जो १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल येथे कृष्णवर्णीयांना सतत जवळ बाळगाव्या लागणाऱ्या परवान्याच्या पुस्तकाच्या, म्हणजे पासबुकाच्या, सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात ६९ माणसे मेली, त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. एका रात्रीच्या अंतरावर चवदार तळे आणि शार्पव्हिल यावेत, याचा उपयोग न करणे चुकीचे ठरले असते. एप्रिलमध्ये ११ ला फुले जयंती आणि १४ ला आंबेडकर जयंती असते, तेव्हा आमचे कार्यकर्ते वस्त्यांतल्या कार्यक्रमांत सामील होतात आणि आम्ही स्वतंत्र मेळावा घेत नाही.

गणेशोत्सवात किंवा नवरात्रात आमच्या मंडळातर्फे असा कार्यक्रम घेता येईल का?

घेता येईल, आणि तिथे तो अधिक गरजेचा आहे, कारण जी माणसे मेळाव्याला येणार नाहीत ती मंडपात येतात. फक्त मंडळाने आधी स्वतःकडे पाहावे: वर्गणी सगळ्या गल्ल्यांतून घेतली जाते, पण आरतीचा मान कोणाकोणाला मिळतो? गरब्याच्या मैदानात कोणाला ओळखपत्र विचारून अडवले जाते? हे सुधारण्याचा ठराव कार्यकारिणीने आधी केला, तर आम्ही जलसा घेऊन आनंदाने येऊ.

मेळाव्यातच कोणी अपमानास्पद बोलले तर काय करता?

असे घडते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, पण ज्याला लागले त्याला हेतू दिसत नाही, शब्द ऐकू येतो. संचालन करणारी व्यक्ती तिथेच थांबवते, शब्द का नको हे एका वाक्यात सांगते आणि कार्यक्रम पुढे नेते. ज्याला लागले त्याच्याकडून तिथल्या तिथे माफ करण्याची अपेक्षा ठेवली जात नाही. जाणूनबुजून पुन्हा तेच करणाऱ्याला बाहेर जाण्यास सांगितले जाते, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो.

फोटो आणि व्हिडिओ काढता येतील का?

गाण्यांचे, कलाकारांची संमती असेल तर, काढावेत. अनुभवकथनाचे मुळीच काढू नयेत. घर शोधणाऱ्या मुलीचा चेहरा तिच्या होणाऱ्या घरमालकाच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचला, तर आपण तिचे नुकसानच केलेले असते.

आमच्या गावात असा मेळावा सुरू करायचा असेल तर काय लागते?

सभागृह लागत नाही. गच्ची, शाळेचा वर्ग, बुद्धविहार, देवळाचा सभामंडप काहीही चालते, फक्त ती जागा सर्वांना विनासंकोच येता येईल अशी असावी, आणि याची खात्री सर्वांत जास्त संकोच ज्यांना वाटेल त्यांनाच विचारून करावी. ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलिसांची परवानगी घ्यावी आणि रात्री दहाच्या आत बंद करावा. उघड्या बागेत करणार असाल तर पावसाळ्यात पर्यायी जागा हाताशी ठेवावी. विश्वामित्री नदीच्या काठच्या बडोदेकरांना हे वेगळे सांगायला नको. एखादी ढोलकी, जमल्यास हार्मोनियम, एक फळा, एक वही आणि मोठे पातेले एवढे साहित्य पुरते. पहिल्याच वेळी मोठा विषय घेऊ नये. गावातला एक नेमका प्रश्न निवडावा, जसे की स्मशानाचा रस्ता, नळाची वेळ, शाळेतल्या मुलांची जेवणाची रांग, आणि तो सुटेपर्यंत प्रत्येक मेळाव्याच्या फळ्यावर सर्वांत वर तोच लिहावा. जलशाची संहिता किंवा फोनच्या नोंदवहीचा नमुना हवा असेल तर मेळाव्याला येऊन मागावा. दोन्हींच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवलेल्या असतात.